तीन ढिगांना टोप्या, चौथा बोडका

चला, आपण एक खोली उभी करू. डोळे मिटू नका, मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच जमवू. आधी एक लांबट खोली घ्या आणि तिला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी द्या. खिडकीखाली एक टेबल ठेवा, चार माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढं. टेबलावर दोऱ्याची रिळं, सुया टोचलेली उशी, दोन कात्र्या आणि एका वाडग्यात खळ. खळ म्हणजे पीठ पाण्यात शिजवून केलेला चिकट लगदा, पुठ्ठ्यावर कागद चिकटवायला. आता कोपऱ्यात एक लोखंडी यंत्र उभं करा. त्याला खाली एक जाड पाट, वर एक जाड पाट आणि डोक्यावर बसच्या स्टिअरिंगसारखं चाक. चाक फिरवलं की वरचा पाट खाली उतरतो आणि मध्ये जे असेल ते घट्ट दाबून धरतो. त्या घरात या यंत्राला नुसतं ‘दाब’ म्हणत.

झाली खोली? मग माणसं बसवू.

टेबलाच्या डाव्या टोकाला आजोबा. पन्नासहून जास्त वर्षं पुस्तकं बांधणारे. ‘बांधणारे’ म्हणजे सुटी पानं शिवून, पुठ्ठा चढवून त्यांचं पुस्तक करणारे. उजव्या टोकाला त्यांची मुलगी. ती त्यांच्याच हाताखाली शिकली आणि आता तिचे टाके त्यांच्यापेक्षा बारीक पडत, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. मधोमध या मुलीची मुलगी, नऊ वर्षांची डिंकी. तिचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं. पण रांगत्या वयात ती डिंकाच्या भांड्यात दोन्ही हात घालून बसली, आणि त्या दिवसापासून खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं. डिंकीचे बाबा बस चालवायचे. खोलीत त्यांना फारसं येऊ देत नसत, कारण ते आले की काहीतरी सांडायचंच.

आता या खोलीचा कायदा सांगतो, तो नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत त्यात आहे.

आजोबांना काम करताना बोललेलं खपत नसे. म्हणून कोणत्या पुस्तकाचं काय करायचं ते चिठ्ठीने कळवायचं. पांढरी चिठ्ठी म्हणजे शिवायचं. हिरवी म्हणजे कडा कापायच्या. पिवळी म्हणजे दाबात ठेवायचं. आणि निळी म्हणजे काम झालं, आता मालकाकडे परत पाठवायचं. निळ्या चिठ्ठीवर मालकाचं पूर्ण नाव लिहायचं. बरीच पुस्तकं एकावर एक असली तर ढिगाला एकच चिठ्ठी, सगळ्यात वरच्या पुस्तकात, बाहेर बोटभर डोकावेल अशी. काम झालं की चिठ्ठी काढायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. आजोबा म्हणत, “चिठ्ठी बोलेल ते करायचं, आपण बोलायचं नाही.” चिठ्ठ्या कापायचं काम डिंकीचं होतं, आणि एखादी वाकडी कापली गेली तर आजोबा ती काही न बोलता तिच्यासमोर परत ठेवत.

दाबाचाही एक नियम होता. चाक एकदा आवळलं की तीन दिवस उघडायचं नाही. मध्येच उघडलं तर पान रुसतं, मग ते आयुष्यभर वळून बसतं, असं आजोबांचं म्हणणं. पन्नास वर्षांत त्यांनी दाब वेळेआधी कधी उघडला नव्हता. एकदा घराचं छत गळायला लागलं, तेव्हा त्यांनी दाबावर छत्री धरली, पण उघडला नाही.

तर अशा या खोलीत त्या वर्षी एक पत्र आलं. दूर परदेशात एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं. हजारो जुनी पुस्तकं भिजली होती आणि ती हाताने उसवून, वाळवून, पुन्हा शिवायची होती. हे काम येणारी माणसं आता फार राहिलेली नाहीत. ग्रंथालयाने शोधून शोधून आठ जण बोलावले, वेगवेगळ्या देशांतून, वर्षभरासाठी. त्या आठांत डिंकीची आई होती.

पत्र आलं त्या दिवशी आजोबांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, “दोरा कुठला वापरतात म्हणे?” यावरून आईने ओळखलं की ते खूश आहेत.

आणि डिंकी? तुम्हाला वाटेल, आई वर्षभर जाणार म्हणून ती रडली असेल. पहिल्या दिवशी थोडी रडली. पण मग एक करार झाला. आईचं एक गोल स्टूल होतं, फिरवलं की वर-खाली होणारं. आई गेली की ते स्टूल डिंकीचं, आणि छोट्या पुस्तिकांच्या पांढऱ्या चिठ्ठ्यासुद्धा डिंकीच्या. म्हणजे तिला सुई मिळणार होती, खरीखुरी. आजपर्यंत तिच्या वाट्याला घड्या घालणं आणि चिठ्ठ्या कापणंच होतं. त्यामुळे डिंकी आता आईच्या जाण्याचे दिवस बोटांवर मोजत होती आणि मधूनच स्टूल कितीदा फिरवलं की पाय टेकतात ते बघून ठेवत होती.

आई शनिवारी सकाळी निघणार होती. सोमवारी तिथे हजर व्हायचं होतं. पहिला आठवडा आठही जणांना एकत्र शिकवणार होते, आणि तो चुकला की जागा दुसऱ्या कुणाला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

बुधवारी आई त्या देशाच्या वकिलातीतून पासपोर्ट घेऊन आली. आतल्या पानावर एक वर्ष काम करायच्या परवानगीचा शिक्का होता. तिने खोलीत येऊन तो आजोबांना दाखवला. आजोबांचे हात खळीने भरलेले होते, त्यांनी दुरूनच मान हलवली. मग आई चहा ठेवायला आत गेली.

आणि गुरुवारी संध्याकाळी, बॅग भरता भरता, तिने टेबलाचा खण उघडला तर पासपोर्ट नव्हता.

पासपोर्ट म्हणजे काय, तेही सांगून ठेवतो. तळहाताएवढी, गडद निळी पुस्तिका. तिच्यात तुमचा फोटो, तुमचं नाव, तुम्ही कोण हे सांगणारा शिक्का. तुम्ही घरात कितीही मोठे असा, सीमेवरच्या माणसाला तुम्ही ठाऊक नसता. त्याला ती पुस्तिका दाखवावी लागते. ती नसली की विमान नाही, परदेश नाही, भिजलेली पुस्तकं नाहीत.

मग घरात जी उलथापालथ झाली ती विचारू नका. आईने तोच खण सात वेळा उघडला, जणू सातव्या वेळी खणाला दया येणार होती. बाबांनी गाद्या उचलल्या, कपाट रिकामं केलं, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बुटात पासपोर्ट कोण ठेवेल, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती. घरातले सगळे बूट त्यांनी उलटे करून झटकले. एकातून डिंकीचा हरवलेला खोडरबर निघाला. आजोबा मात्र फडताळाचा एक एक कप्पा बाहेर काढायचे, बघायचे, पुसायचे आणि परत लावायचे. रात्री जेवायच्या वेळेपर्यंत घर उलटं झालं होतं आणि फडताळ तेवढं लख्ख झालं होतं.

आई म्हणत होती की तिने तो खणातच ठेवला. तिला स्पष्ट आठवत होतं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी रजा काढली आणि ते पासपोर्टच्या कचेरीत गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग सांगितलं की नवा मिळायला कमीत कमी तीन आठवडे, त्यानंतर परवानगीचा शिक्का पुन्हा घ्यायचा, तो वेळ वेगळा. घाईचा काही मार्ग आहे का, असं बाबांनी विचारलं. तर बाई म्हणाल्या की हाच घाईचा आहे.

बाबा घरी आले तेव्हा डिंकी नुकतीच शाळेतून आली होती. शुक्रवारी तिची शाळा दुपारी सुटायची. बाबांनी तिला पायरीवर बसवलं आणि स्वतः एक पायरी खाली बसले, म्हणजे दोघांची तोंडं सारखी यावीत. बस चालवणारी माणसं वळण घेण्याआधी वेग कमी करतात, तसा त्यांनी आवाज कमी केला.

“डिंके, एक विचारतो. कुणी रागावणार नाही.”

“मी नाही घेतलेला,” डिंकी म्हणाली.

“मी अजून विचारलं कुठं?”

“तू पायरीवर बसवलंस ना. पायरीवर तू तेव्हाच बसवतोस.”

बाबांनी मान खाजवली. मग म्हणाले, की आई लांब जाणार म्हटल्यावर एखाद्याला वाटू शकतं की ती जाऊ नये. असं वाटण्यात वाईट काही नाही. आणि मग एखादी वस्तू एखाद्या ठिकाणी…

“बाबा, मी कशाला लपवू? ती गेली की स्टूल माझं आहे.”

दाराच्या आत आई उभी होती. कालपासून तिचा चेहरा ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. पण हे ऐकलं आणि तिला हसू आलं, मग थोडं रडू, आणि मग दोन्ही एकदम. ती येऊन डिंकीच्या शेजारी पायरीवर टेकली.

“बघा,” ती बाबांना म्हणाली. “मला घराबाहेर काढायची सगळ्यात जास्त घाई हिलाच आहे.”

आता इथे जरा थांबू. तुमचंही कधी काही हरवलं असेल. आपण काय करतो? जिथे असायला हवं तिथे पुन्हा पुन्हा बघतो आणि ते तिथे नसतंच, असतं तर हरवलं नसतं. डिंकीलाही हे आधी सुचलं नव्हतं. पण तिला एक गोष्ट आठवली. मागच्याच महिन्यात तिने शाळेत बाईंना सांगितलं होतं की गृहपाठाची वही दप्तरात टाकली आहे, अगदी स्पष्ट आठवतंय. वही घरी टेबलावरच होती. ती दप्तरात टाकायचं डिंकीने ठरवलं होतं, इतकं पक्कं ठरवलं होतं की टाकल्यासारखंच वाटत होतं.

तिने आईला विचारलं, “तू पासपोर्ट खणात ठेवलास, की ठेवायचं ठरवलंस?”

“ठेव…” ती म्हणाली. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. “ठरवलं,” ती हळूच म्हणाली. “चहा उकळून आला की ठेवू, असं ठरवलं.”

“मग चहाच्या आधी तो हातात होता का?”

हातात होता. आजोबांना शिक्का दाखवायला तिने तो उघडला होता. पान चटकन सापडावं म्हणून त्यात वकिलातीची पावती खुणेसारखी घातली होती. मग चहा ठेवायला हात मोकळे हवे होते, म्हणून तो टेबलावर कुठेतरी टेकवला, पालथा. टेबलावर त्या वेळी काय काय होतं? वाचनालयाच्या तळहाताएवढ्या पुस्तिका होत्या, तिनेच आठवडाभर बसून शिवलेल्या, जाण्याआधीचं शेवटचं काम. पावती लांबट होती. तिचं टोक बाहेर आलेलं तिला दिसत होतं, आत्तासुद्धा.

“रंग कुठला?” डिंकीने विचारलं.

“कशाचा?”

“पावतीचा.”

आई तिच्याकडे बघत राहिली. “पिवळा,” ती म्हणाली.

डिंकी उठली आणि खोलीत गेली. आजोबा टेबलापाशी बसून एका जुन्या शब्दकोशाची पाठ खरवडत होते. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि भिंतीवरच्या खिळ्याजवळ तोंड नेलं. खिळ्याला या आठवड्यातल्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. सगळ्यात वर गुरुवारची हिरवी. तिच्याखाली पांढरी. आणि तिच्याखाली एक पिवळी.

ती डिंकीने कापलेली नव्हती. आपल्या हातची चिठ्ठी आपल्याला ओळखू येते. ही फारच सरळ होती. तिच्यावर बारीक छापील अक्षरं होती आणि कोपऱ्यात अर्धा गोल शिक्का.

डिंकी खाली उतरली आणि दाबाकडे गेली.

कालपासूनच्या शोधात ते यंत्र सगळ्यांच्या समोरच होतं. आईने त्याच्या पायाशी वाकून झाडू फिरवला होता, बाबांनी त्यावर हात टेकून दम खाल्ला होता. पण बंद दाब म्हणजे आत काम, आणि तीन दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही, ही सवय इतकी मुरलेली की तो कुणाला दिसलाच नव्हता. डिंकीने मान वाकडी करून दोन पाटांच्या मधल्या फटीत बघितलं. आत गडद निळ्या पुस्तिकांचे चार ढीग होते. वाचनालयाने चाळीस सांगितल्या होत्या, म्हणजे दहा दहाचे चार. तीन ढिगांच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा एक एक चौकोनी तुकडा होता, टोपी घातल्यासारखा. चौथ्याच्या डोक्यावर काही नव्हतं, तरीही तो बाकीच्यांएवढाच उंच होता.

“आजोबा,” ती म्हणाली, “तीन ढिगांना टोप्या आहेत. हा एकच बोडका का?”

काम चालू असताना कुणी बोललेलं आजोबांना खपत नसे, हे तुम्हाला सांगितलं आहेच. पण प्रश्न कामाचा होता. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

“पाट तिरका बसत होता,” ते म्हणाले. “एक ढीग चढ झाला. बाकीच्यांना पुठ्ठा देऊन सारखा केला. वाचनालयाने एक जास्तीची पाठवली असेल. लोकांना मोजता येत नाही.”

“कव्हरं वाचनालयाची आहेत, पण पुस्तिका आईने शिवल्यात. आईला चाळीसपर्यंत मोजता येतं.”

डिंकीने खिळ्यावरच्या वरच्या दोन चिठ्ठ्या जपून काढल्या, पिवळी काढली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“तुम्हीच म्हणता ना, चिठ्ठी बोलेल ते करायचं. ही काय बोलते, वाचा.”

आजोबांचा चष्मा शर्टाच्या खिशात होता. दाबाच्या कामाला ते तो लावत नसत. त्यांचं म्हणणं, त्याला बोटं पुरतात. त्यांनी चष्मा लावला. पावती वाचली. मग ती उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली, कारण माणसाला कधी कधी थोडा वेळ हवा असतो. तोवर आई आणि बाबा दारात येऊन उभे राहिले होते. बाबा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. एवढ्या घाईतही ते त्यांच्या लक्षात होतं.

मग आजोबा उठले, दाबापाशी गेले आणि चाकाला हात घातला.

“अप्पा, तीन दिवस झाले नाहीत,” आई म्हणाली. ती स्वतःच असं का म्हणाली हे तिला नंतर सांगता येईना. लहानपणापासून ऐकलेलं तोंडातून निघून गेलं.

“पानं रुसू देत,” आजोबा म्हणाले. “समजूत घालू.”

चाक करकरत फिरलं. वरचा पाट उठला. आजोबांनी चौथा ढीग बाहेर काढला आणि टेबलावर आडवा पसरला. आठ, नऊ, दहा पुस्तिका, आणि सगळ्यात वरची अकरावी, जी त्यांनी उलटी केली तर तिच्यावर सोनेरी ठसा होता.

आईने पासपोर्ट उघडला. फोटोतली आई तशीच होती. शिक्काही जागेवर होता. दोन दिवस दाबात राहून पुस्तिका इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती. बाबा दारातूनच म्हणाले की आता हा सबंध विमानातला सगळ्यात सरळ पासपोर्ट असेल, आणि मग ते आनंदाने एक पाऊल आत आले आणि खळीचा वाडगा सांडला.

आईने आजोबांना सांगितलं की चूक तिची आहे. चिठ्ठी घातलेली वस्तू ढिगावर ठेवली की ती दाबात जाणार, हे तिला कळायला हवं होतं. आजोबा ऐकत होते की नाही कळेना. ते पुस्तिकांच्या कडा तळहाताने सारख्या करत होते.

“एक जाड लागली होती बोटाला,” ते म्हणाले.

“मग?”

“मला वाटलं, तुझे टाके जाड पडलेत. जायची घाई. मन इथे नाही.” त्यांनी ढीग ठोकून सरळ केला. “म्हटलं, राहू दे एवढी एक. आता काय बोलायचं.”

मुलांनो, तुम्हाला या वाक्यात विशेष काही वाटणार नाही. पण डिंकीच्या आईने या टेबलाशी वीस वर्षं काम केलं होतं, आणि या वीस वर्षांत आजोबांनी तिचा एक जाड टाका सोडला नव्हता. रात्रभर शिवलेलं पुस्तक सकाळी उसवायला लावलं होतं. या बुधवारी पहिल्यांदा त्यांनी एक चूक सोडून दिली, आणि ती नेमकी चूक नव्हतीच.

आईने त्यांच्या हातातला ढीग घेतला. “दाखवा बरं, कुठला टाका जाड आहे,” ती म्हणाली.

त्यांनी चष्मा लावून चाळीसच्या चाळीस पुस्तिका तपासल्या. एकही नव्हता. मग दोघांनी मिळून त्या पुन्हा दाबात लावल्या, दहा दहाचे चार ढीग, यावेळी कुणालाच टोपी नाही. चाक आवळलं. वाचनालयाला कळवलं की काम दोन दिवस उशिरा मिळेल. पुढे त्यातली एकही पुस्तिका वळली नाही की रुसली नाही, पण हे आजोबांना सांगू नका.

त्या संध्याकाळी आजोबांनी घरातल्या सगळ्यांना एक नवा कायदा सांगितला. पासपोर्टात चिठ्ठी घालायची नाही, कुठल्याच रंगाची, कधीच. आईने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, खिशाला सेफ्टी पिन लावली आणि मग सगळ्यांना बोलावून पिन लावल्याचं दाखवलं. ठरवलं नाही, केलं, असंही डिंकीला बजावून सांगितलं.

शनिवारी सकाळी बाबांनी बॅग दाराशी आणून ठेवली. विमानतळाची बस कोपऱ्यावरून सात वाजता सुटायची. आजोबा आईच्या कोटाला चिकटलेले दोऱ्याचे धागे एक एक करून टिपत होते, आणि आई त्यांना कुठल्या रिळाचा दोरा संपत आला आहे ते सांगत होती, जे त्यांना तिच्या आधीपासून माहीत होतं. ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली.

तेव्हा डिंकी खोलीत गेली. तिने निळा कागद घेतला आणि पट्टी ठेवून एक चिठ्ठी कापली, अगदी सरळ. मालकाचं पूर्ण नाव लिहायचा नियम होता, टोपणनाव चालत नसे, पार्सल भलतीकडे जातं. म्हणून तिने हजेरीतलं आपलं चार अक्षरी नाव लिहिलं, पुढे वडिलांचं, पुढे आडनाव. फुंकर मारून शाई वाळवली. बाहेर येऊन ती आईच्या कोटाच्या वरच्या खिशात खोचली.

आजोबांनी बघितलं. त्यांनी हात पुढे केला आणि चिठ्ठी जराशी वर ओढली, म्हणजे ती नीट बोटभर डोकावेल.

बस वळणाआड गेल्यावर डिंकी घरात आली. तिने गोल स्टूल खिडकीपाशी ओढलं, त्याला चार फेरे देऊन पाय टेकतील एवढं खाली आणलं, पांढऱ्या चिठ्ठीची पहिली पुस्तिका पुढे घेतली आणि जीभ बाहेर काढून सुईत दोरा ओवायला लागली.